एक वीत खाली

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला, डांबर सोडून
वीस मिनिटं चाललं की आमचा सहा नंबरचा खुंटा.
वर लाल फडकं, बुडाशी मातीत
वीतभर खुपसलेला तापमापक.
दर दुसऱ्या रविवारी मी वारज्याहून स्कूटर काढते,
भूगावच्या गर्दीत तासभर सडते
आणि इथे येऊन, उकिडवी बसून, वाचते
एक आकडा.

कुणी विचारलं तर सांगते, सापांचं काम करते.
मग लोक मोबाइल काढून
त्यांच्या पार्किंगमधला नाग दाखवतात.
माझ्या सापाला फणा नाही, विष नाही.
डोळे खसखशीएवढे.
शेपूट तिरपं छाटल्यासारखं, टोकाला खडबडीत चकती,
तिच्यावर चिखलाची टोपी.
खापरखवल्या.
जन्मभर गांडुळं खातो, अंधार पोखरतो,
आणि चुकून उन्हाची तिरीप पडली
तर काळ्या पाठीवर
डबक्यात पेट्रोल सांडल्यासारखे रंग.

श्रावण, आणि अकरा दिवस आभाळ कोरडं.
त्याआधी तीन दिवसांत इतकं ओतलं
की सात नंबरचा खुंटा खाली ओढ्यात सापडला, फडक्यासकट.
"पूर्वी झड लागायची," धाकलू मरगळे म्हणाले,
"आता पाऊस येतो तो वसुलीला आल्यागत."
मरगळ्यांच्या चार म्हशी आहेत
आणि या रानातला दगडन्‌दगड त्यांच्या ओळखीचा.
मी आकडा वाचायच्या आत
त्यांनी जमिनीवर पंजा टेकवला,
लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा.
"कणकण हाय."

चोवीस पूर्णांक आठ.
नऊ वर्षांपूर्वीची पहिली वही काढा:
हाच आठवडा, हीच सावली,
आकडा बाविसाच्या आत.

पाखरांना वरचा डोंगर असतो.
बिबट्या रातोरात दरी बदलतो.
याला तर चारचाकीचा रस्तासुद्धा ओलांडता येत नाही.
याला एकच दिशा ठाऊक: खाली.
आधी चार बोटं खाली मिळायचा,
मग वीतभर,
आता कुदळीचा निम्मा दांडा बुडतो तिथे.
त्याच्याखाली कातळ.
कातळ काही सरकून घेत नाही.

त्या दिवशी मात्र एक वरच होती,
जांभळीच्या कुजक्या ओंडक्याखाली.
मादी. कदाचित ऊब हवी असेल पोटातल्यांना,
कदाचित खाली जाऊन पाहून आली असेल.
मी खरंच सांगते, मला कळलं नाही.
पोटावरून बोट फिरवलं तर
तीन, की चार, गाठी लागल्या.
चावली नाही. टोकदार नाकानं
माझ्या बोटांमध्ये भोक शोधत राहिली,
मग अनामिकेला वेढा घालून गप्प बसली.

मिनिटभरच धरायचं असतं.
माझा तळहात चौतीस अंशांचा.
तिच्यासाठी तो वैशाख.

ओंडका होता तसाच ठेवला, ओली बाजू खाली.
मरगळ्यांनी वरून पालापाचोळा सारला,
पांघरूण नीट करतात तसा,
आणि म्हशींकडे गेले.

चांदणी चौकात पुलाखाली पाऊण तास.
पुढच्या गाडीच्या एसीचं पाणी टपटपत होतं रस्त्यावर,
रस्ता ते पडायच्या आत पीत होता.
क्लच नसलेल्या हातानं मी
अनामिका चाचपून पाहिली दोनदा.

रात्री वही.
तारीख. खुंटा. खोली. तापमान. नग: एक, मादी, गाभण.
शेवटचा रकाना, शेरा, मी नेहमी रिकामा सोडते;
आकड्यांपुढे आपण काय बोलायचं.
आज लिहिलं:
मरगळ्यांचा पंजा. कणकण.

पेननं नाही, पेन्सिलीनं.
खोडता आलं पुढेमागे, तर बरं.